जुन्या छोट्या ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग: आधी पंप पाहा, सिलिंडर नंतर घ्या

वरूड-मोर्शी किंवा काटोल-नरखेडच्या पट्ट्यात संत्र्याच्या बागेत दिवसभर ब्लोअर फिरवणाऱ्या माणसाचे खांदे संध्याकाळी भरून येतात. झाडं ६ बाय ६ मीटरवर असतात आणि दर ओळीच्या टोकाला धुऱ्याजवळ (बांधाजवळ) पुरतं वळण घ्यावं लागतं. पऱ्हाटीत (कपाशीत) डवरणीला, म्हणजे कोळपणीला, छोटा ट्रॅक्टर घातला तरी तीच गत. १५ ते २५ हॉर्सपॉवरचे जुने ट्रॅक्टर बहुतेक साध्या स्टिअरिंगचे. इंजिन ठणठणीत असतं, पण काळ्या वावरात पाणी पडून गेलं की पुढच्या चाकांवर चिखल चढतो आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढावं लागतं.

अशा ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग बसवता येतं आणि नीट बसवलं तर वर्षानुवर्षं चालतं. फसतं ते बहुधा एकाच ठिकाणी. लोक बाजारातून आधी सिलिंडर (ऑइलच्या दाबानं चाकं वळवणारा) आणि ऑर्बिट्रोल (स्टिअरिंगखाली बसून त्याला ऑइल मोजून देणारं युनिट) घेऊन येतात, आणि त्याला ऑइल कुठून द्यायचं हा विचार वर्कशॉपच्या दारात उभं राहून करतात. चांगला मिस्त्री पहिल्यांदा हेच विचारतो, "भाऊ, ऑइल कुठून घेणार ते सांगा पहिले."

आधी पुढची चाकं उचला

एक्सलच्या मधोमध जॅक लावून दोन्ही पुढची चाकं जमिनीपासून सोडवा, खाली लाकडी ठोकळे द्या आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवा. चाकं हवेत असूनही जड लागत असेल तर दुखणं वेगळं आहे. किंग पिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या पिनचे) बुश कोरडे पडलेत, थ्रस्ट बेअरिंग जाम झालंय किंवा स्टिअरिंग बॉक्स कुणीतरी प्रमाणाबाहेर कसून ठेवलाय. ग्रीस निपलमधून ग्रीस आत जातच नाही अशी कितीतरी एक्सल आपल्याकडे फिरतात. निपल काढा, भोक तारेनं मोकळं करा, जुनं घट्ट झालेलं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा.

मग टायर वरून-खालून धरून हलवा. खडखड आली तर किंग पिन, बुश आणि चाकाचं बेअरिंग तपासा. ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) आणि टाय रॉड (दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारा दांडा) यांच्या टोकाचे बॉल जॉइंट ढिले असतील तर बदला. पुढच्या टायरमधली हवा गेजनं बघा, अंगठ्यानं दाबून नको. पुढे वजनाच्या प्लेटा लावलेल्या असतील आणि सध्या मागे जड अवजार नसेल तर त्या उतरवा. एवढं केल्यावर स्टिअरिंग इतकं हलकं होऊ शकतं की पुढचा खर्च करायची गरजच उरत नाही. आणि पॉवर स्टिअरिंग बसवायचं ठरलं तरी ही दुरुस्ती टाळता येत नाही. हाताला जी झीज जाणवते ती ऑइलच्या जोरापुढे जाणवेनाशी होते, मग एक दिवस बॉल जॉइंटच निखळतो.

कागदपत्रांचं आत्ताच सांगून टाकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. त्यामुळे काम हाती घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या, उत्तर लेखी घ्या. ट्रॅक्टर ट्रॉली लावून बाजाराला जाणार असेल तर हे विशेष महत्त्वाचं.

तुमच्या ट्रॅक्टरचा पंप कुठला?

मागची लिफ्ट अवजार उचलते म्हणजे हायड्रॉलिक आहे, म्हणजे त्यातूनच स्टिअरिंगला ऑइल घेता येईल, असं धरून चालू नका. मॅसी फर्ग्युसन ३५ च्या घराण्यातल्या ट्रॅक्टरांत लिफ्टचा पंप मागच्या हाउसिंगमध्ये ऑइलात बुडालेला असतो आणि त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह ऑइल आत घेण्याच्या बाजूला असतो. लिफ्ट वर जात नसते तेव्हा तो पंप ऑइल ढकलतच नाही. स्टिअरिंगला तर कायम वाहतं ऑइल लागतं. अशा पंपातून लाइन काढायचा प्रयत्न म्हणजे पैसे आणि दिवस दोन्ही वाया.

दुसरी अडचण क्लचची. काही ट्रॅक्टरांत पंप क्लचच्या मागून फिरतो. क्लच दाबला की पंप थांबतो, आणि धुऱ्याजवळ वळताना तर आपण हमखास क्लच दाबतो. ऐन वळणात स्टिअरिंग दगडासारखं होईल. हे तपासणं सोपं आहे. इंजिन चालू करा, मागे अवजार लावलेलं असू द्या, क्लच पूर्ण दाबून धरा आणि लिफ्टचा दांडा वर करा. अवजार उचललं गेलं नाही तर पंप क्लचच्या मागचा आहे. तो स्टिअरिंगला चालणार नाही.

उरला तिसरा प्रकार: इंजिनला थेट जोडलेला गिअर पंप, ज्याच्यापासून लोखंडी पाइप लिफ्टच्या व्हॉल्व्हकडे जातो. छोट्या ट्रॅक्टरांत हा बऱ्याचदा सापडतो आणि काम यातूनच जमतं. तो पंप किती ऑइल देतो ते मोजा. ऑइलची पातळी पूर्ण ठेवा, दाबाची लाइन लिफ्टकडून सोडवून होज बादलीत घट्ट बांधा, इंजिन हळू फिरू द्या आणि १५ सेकंदांत किती ऑइल जमलं ते मापात ओता. चारनं गुणलं की मिनिटाचे लिटर. पंप कोरडा पडू देऊ नका. बादली स्वच्छ असेल तर ऑइल गाळून परत भरता येतं.

हिशेब सिलिंडरपासून मागे

ऑर्बिट्रोल म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याखाली बसणारं युनिट. स्टिअरिंगचं चाक एक फेरा फिरवलं की ते ठरावीक सीसी ऑइल मोजून सिलिंडरच्या एका बाजूला देतं. त्यामुळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे लागतील हे सिलिंडरच्या आकारमानाला ऑर्बिट्रोलच्या सीसीनं भागून निघतं. साडेतीन ते साडेचार फेरे बरे वाटतात.

उदाहरण घेऊ. दोन्हीकडून रॉड बाहेर येणारा सिलिंडर, आतला व्यास ४० मिमी, रॉड २० मिमी, स्ट्रोक १५० मिमी. कामाला येणारं क्षेत्र साधारण ९४२ चौरस मिमी, म्हणजे पूर्ण स्ट्रोकला सुमारे १४१ सीसी. ४० सीसीचा ऑर्बिट्रोल लावला तर साडेतीन फेरे. ८० बार दाबाला हा सिलिंडर सुमारे ७५० किलोचा जोर देतो. १८-२० हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना तेवढा भरपूर आहे.

हाच सिलिंडर एका बाजूच्या रॉडचा घेतला तर ढकलताना १८८ सीसी लागतात आणि ओढताना १४१. ५० सीसीच्या ऑर्बिट्रोलवर एका दिशेला पावणेचार फेरे आणि दुसरीकडे पावणेतीनच्या आसपास. वापरताना त्याची सवय होते, पण शक्य असेल तर दोन्हीकडच्या रॉडचाच घ्या. चाकांचा धक्का स्टिअरिंगला जाणवू देणारे लोड रिअ‍ॅक्शन प्रकारचे ऑर्बिट्रोल दोन्ही बाजूंना सारखं ऑइल लागणाऱ्या सिलिंडरवरच चालतात. आपल्याला लागतो तो साधा ओपन सेंटर (स्टिअरिंग फिरत नसताना ऑइल आरपार जाऊ देणारा), नॉन रिअ‍ॅक्शन प्रकार. दुकानात हेच शब्द सांगा. नाहीतर मोठ्या मशिनचा लोड सेन्सिंग युनिट हाती पडेल आणि तो साध्या गिअर पंपावर तसाच जोडून चालत नाही.

मोठा ऑर्बिट्रोल घेतला तर फेरे कमी होतील, असा मोह होतो. पण इंजिन बंद पडलं की हा युनिट हातपंप होतो. ट्रॅक्टर टोचन करून न्यायचा झाला तर स्टिअरिंग फिरवून ऑइल तुम्हालाच ढकलायचं असतं. सीसी जितके जास्त, तितका हाताला भार जास्त. १०० सीसीचा युनिट छोट्या सिलिंडरवर लावून दोन फेऱ्यांत वळवणारा शेतकरी उतारावर इंजिन बंद पडल्यावर काय करील?

आता पंपाची गरज. सेकंदाला एक फेरा, म्हणजे मिनिटाला ६०, या वेगानं ५० सीसीच्या युनिटला मिनिटाला ३ लिटर लागतात. इंजिन हळू चालत असतानाही एवढं मिळालं पाहिजे, कारण वळण बहुधा कमी रेसवरच होतं. ८०० फेऱ्यांवर ५ सीसीचा पंप गळती वजा जाता साडेतीन लिटरच्या आसपास देतो. तो पुरतो.

लिफ्टच्या पंपातून की वेगळा पंप?

लिफ्टच्या पंपातून घ्यायचं तर मधे प्रायोरिटी फ्लो डिव्हायडर लावावा लागतो. पंपाचं ऑइल आधी त्यात येतं, स्टिअरिंगला ठरलेला वाटा पहिल्यांदा मिळतो आणि उरलेलं लिफ्टकडे जातं. ऑर्बिट्रोलच्या पी पोर्टला (पंपाकडून ऑइल येण्याच्या तोंडाला) हा वाटा, टी पोर्टपासून (परतीच्या तोंडापासून) सरळ टाकीला. लिफ्ट थोडी हळू होते, हे मालकाला आधीच सांगून ठेवा. पंप जेमतेम १०-१२ लिटरचा असेल तर हा फरक जड अवजार उचलताना चांगला जाणवतो.

डिव्हायडरचा खर्च वाचवण्यासाठी एक जुगाड जागोजागी दिसतो. पंपापासून ऑर्बिट्रोलच्या पी मध्ये, टी मधून निघालेली लाइन लिफ्टच्या व्हॉल्व्हला. स्टिअरिंग न फिरवता ऑइल आरपार जातं, लिफ्टही चालते, सगळे खूश. पण लिफ्टवर भार आला की तिचा दाब, दीडशे बार किंवा त्याच्याही वर, उलटा ऑर्बिट्रोलच्या टी बाजूवर येतो. ती बाजू टाकीला जाणाऱ्या बिनदाबाच्या ऑइलसाठी केलेली असते. आधी दांड्याचं सील जातं आणि ऑइल पायांवर उडतं, कधी युनिटच फुटतं. शिवाय स्टिअरिंग टोकाला धरून ठेवलं की लिफ्ट जागीच थांबते. हे कुणी कितीही स्वस्तात करून देतो म्हणाला तरी करू देऊ नका.

माझं मत विचाराल तर जागा असेल तिथे वेगळा पंप लावा. मॅसीच्या घराण्यात आणि क्लचमागच्या पंपांत तर दुसरा मार्गच नाही. क्रँकच्या पुलीला दुसरी खाच असलेली पुली बसवून बेल्टवर ५ सीसीचा पंप चालवता येतो. फॅनच्या पुलीवरून बेल्ट घेऊ नका, वॉटर पंपाचं बेअरिंग तो ताण सोसत नाही. पंप कुठल्या दिशेला फिरणारा आहे ते त्याच्या पाटीवर किंवा बाणावर पाहा. गिअर पंप उलटा फिरला की दाबाचं ऑइल शाफ्टच्या सीलमागे येतं आणि सील पहिल्याच तासात बाहेर पडतं. कारचा स्टिअरिंग पंपही चालतो. त्यात फ्लो कंट्रोल आणि रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की ऑइल सोडून देणारा) दोन्ही आत असतात, त्यामुळे इंजिनची रेस वाढवली तरी ऑर्बिट्रोलवर जास्तीचं ऑइल जात नाही.

यासाठी टाकी चार-पाच लिटरची, श्वास घेणाऱ्या झाकणाची, पंपापेक्षा उंचावर. परतीच्या लाइनवर २५ मायक्रॉनचा फिल्टर हवाच. लिफ्टचं आणि गिअरबॉक्सचं ऑइल एकच असलेल्या ट्रॅक्टरात वाटून घेतलेल्या ऑइलात लोखंडाचा बारीक कीस फिरत असतो आणि ऑर्बिट्रोलच्या आतल्या दातांना तोच खातो. वेगळ्या टाकीचा हा सगळ्यात मोठा फायदा.

आणि सगळ्यात चांगला तोडगा आहे तयार माल. महिंद्रा २६५ किंवा स्वराज ७३५ सारखी कित्येक मॉडेलं साध्या आणि पॉवर अशा दोन्ही स्टिअरिंगांत विकली गेली. तुमच्या मॉडेलचं पॉवरवालं भावंड असेल तर त्याचा एक्सल, सिलिंडर, ब्रॅकेट आणि पंप सरळ बोल्टनं बसतात. छोट्या ट्रॅक्टरांत हे नशीब कमी जणांचं, पण भंगारवाल्याकडे एक चक्कर टाकल्याशिवाय लेथवाल्याकडे जाऊ नका.

सिलिंडर एक्सललाच

पुढचा एक्सल मधल्या सेंटर पिनवर वरखाली डोलतो. सिलिंडर चेसिसला बांधला तर एक चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग न हलवताही चाकं वळतात. त्यामुळे सिलिंडर एक्सलच्या बीमलाच बांधायचा, जेणेकरून एक्सलबरोबर तोही डोलेल.

मॅसी ३५ च्या घराण्यात बॉक्सपासून दोन्ही चाकांना दोन वेगळ्या ड्रॅग लिंक जातात, मधे टाय रॉड नसतो. बॉक्स काढला की दोन्ही चाकं एकमेकांपासून सुटतात. तिथे आधी टाय रॉड करून घ्यावा लागतो. तो डोलण्याच्या पूर्ण पट्ट्यात कुठे घासत नाही ना, हे जॅकवर तपासा.

ब्रॅकेट १०-१२ मिमी प्लेटचं करा आणि बीमला यू-बोल्टनं किंवा ८.८ ग्रेडच्या बोल्टनं कसा. बीम बिडाचा असेल तर त्यावर वेल्डिंग नको. चाकाच्या स्पिंडलच्या आर्मवर तर कुठल्याच परिस्थितीत वेल्ड मारू देऊ नका. तो घडवलेला भाग असतो, वेल्डच्या कडेला तडा जातो आणि तुटतो तेव्हा रस्त्यावर तुटतो. रॉड एंडसाठी भोक पाडायचं तर ड्रिलनं पाडा. नटांना स्प्लिट पिन किंवा नायलॉक.

चाकं एका बाजूला पूर्ण वळवा. स्टॉप बोल्ट टेकल्यावर सिलिंडरमध्ये अजून चार-पाच मिमी स्ट्रोक शिल्लक असला पाहिजे. दुसऱ्या बाजूलाही तसंच. टायर कुठे होजला लागत नाही हे एक्सल दोन्हीकडे पूर्ण झुकवून बघा. डवरणीसाठी पुढच्या चाकांमधलं अंतर बदलत असाल तर प्रत्येक अंतरावर ही तपासणी पुन्हा.

स्टिअरिंगचा दांडा आणि ऑर्बिट्रोल

जुना बॉक्स काढून त्या जागी तयार कॉलम आणि त्याखाली ऑर्बिट्रोल बसतो. कॉलमचा शाफ्ट ऑर्बिट्रोलच्या खाचांत सैल सरकला पाहिजे, खालच्या टोकाला दाबून बसता कामा नये. स्टिअरिंग सोडल्यावर आतला स्पूल (ऑइलची वाट उघडणारा-बंद करणारा भाग) स्प्रिंगनं मधोमध येतो. शाफ्ट अडकत असेल तर तो येत नाही, आणि मग स्टिअरिंग आपणहून फिरत सुटतं. बोल्ट कसायच्या आधी आणि नंतर हातानं फिरवून बघा.

युनिटमध्ये रिलीफ व्हॉल्व्ह आहे की नाही हे विकत घेतानाच विचारा. पंपातही नसेल, डिव्हायडरमध्येही नसेल, तर वेगळा लावावा लागेल. ८० बारवर सेट करून घ्या.

जुना बॉक्स भंगारात देऊ नका. ऐन हंगामात पंप गेला तर दिवसभरात परत बसवता येतो.

होज, फिटिंग, ऑइल

इथे पैसे वाचवू नका. बॉक्स काढल्यावर तुमचा हात आणि चाक यांच्यामध्ये फक्त हे होज आहेत. दाबाच्या लाइनला आणि सिलिंडरच्या दोन्ही लाइनला दोन तारांच्या जाळीचे प्रेस केलेले होज घ्या. क्लॅम्प लावून बसवलेला रबरी पाइप फक्त परतीच्या आणि सक्शनच्या बाजूला चालतो. होज सायलेन्सरपासून लांब ठेवा आणि वळणाला मोकळा झोल ठेवा.

फिटिंगचे आटे जुळवताना घाई नको. आपल्या बाजारात बीएसपी (इंची मापाचे आटे) सरसकट मिळतात, जपानी बनावटीच्या पंपावर मेट्रिक निघू शकतात. दोन फेरे हातानं गेले म्हणजे जुळले असं नव्हे, गेज लावून बघा. टेफ्लॉन टेप हायड्रॉलिकमध्ये वापरत नाहीत. त्याचा तुकडा निसटला की ऑर्बिट्रोलमध्ये अडकतो. डाउटी वॉशर (धातूच्या कडीत रबर बसवलेला) वापरा.

वेगळ्या टाकीत आपल्याकडच्या उन्हासाठी ६८ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल बरं. मे महिन्यात सावलीतलं तापमान ४५ च्या पुढे जातं तेव्हा पातळ ऑइल आणखी पातळ होतं. कारचा पंप लावला असेल तर त्याला सांगितलेलं ऑइल.

हवा काढणं आणि पहिली फेरी

पुढची चाकं पुन्हा जॅकवर. टाकी भरा, इंजिनचा स्टॉप ओढून ठेवा आणि सेल्फनं थोडं थोडं फिरवा म्हणजे पंपात ऑइल येईल. मग इंजिन चालू करून अगदी कमी रेसवर स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्या. टोकाला अडवून धरू नका. टाकीतला फेस बसेपर्यंत करा, पातळी उतरली की भरा. उजवीकडे फिरवल्यावर चाकं डावीकडे गेली तर सिलिंडरकडच्या दोन होजची अदलाबदल करा, बाकी कशाला हात लावू नका.

गळती हातानं चाचपू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेली धार कातडीत शिरते, जखम बारीक दिसते पण आत नुकसान मोठं होतं. असं झालं तर लगेच दवाखाना. गळती शोधायला पुठ्ठा फिरवा.

पी लाइनमध्ये टी आकाराचं फिटिंग टाकून ०-१६० बारचा गेज लावा आणि स्टिअरिंग टोकाला क्षणभर धरा. जो आकडा दिसेल तो रिलीफचा. मग चाकं खाली, मोकळ्या वावरात कमी गिअरवर फेऱ्या, इंजिन बंद करून हातानं वळतं का तेही तपासा, आणि रस्ता त्यानंतरच.

काही बिघडलं तर

कमी रेसवर जड आणि रेस दिली की हलकं, तर पंप कमी पडतोय किंवा बेल्ट घसरतोय. सगळ्याच वेळी जड असेल तर रिलीफ कमी सेट झालाय. टाकीत फेस आणि पंपाचा घरघर आवाज म्हणजे सक्शनच्या लाइनमधून हवा ओढली जातेय, क्लॅम्प कसा.

टोकाला टेकल्यावरही स्टिअरिंग हळूहळू फिरतच राहिलं तर आतून गळती आहे, पण सिलिंडरमधून की ऑर्बिट्रोलमधून? इंजिन बंद करा, स्टिअरिंग दोन-तीनदा दोन्हीकडे हलवून दाब उतरवा, सिलिंडरचे दोन्ही होज काढून ते प्लगनं बंद करा आणि पुन्हा चालू करून फिरवा. स्टिअरिंग अडलं तर सिलिंडरचं पिस्टन सील गेलंय. तरीही फिरत राहिलं तर ऑर्बिट्रोल झिजलाय.

ऑइल फार तापत असेल तर पंप गरजेपेक्षा मोठा आहे किंवा परतीचा पाइप बारीक आहे. वळणात स्टिअरिंग टोकाला दाबून ठेवायची सवय असेल तरी हेच होतं, कारण तेवढा वेळ सगळं ऑइल रिलीफमधून जात असतं.

परतीचा फिल्टर पहिल्या ५० तासांनी बदला आणि जुना फेकायच्या आधी कापून उघडा. थोडी रबराची चुरी आणि रंगाचे पापुद्रे निघतात, ते नव्या होजचे आणि टाकीचे असतात. पितळी चमक दिसली तर पंपाच्या बुशांची झीज समजा आणि पंप उघडून पाहा.